हाइनर ब्रोमकांपची दाढी

हाइनर ब्रोमकांपचा धंदा कौलं शाकारायचा, पण जर्मनीतल्या म्युन्स्टरकडच्या त्या एवढ्याशा गावात त्याची ओळख म्हणजे छातीवर रुळणारी दाढी. पन्नाशीत या बाबाने दोन दोस्त गोळा करून दाढीवर पंक गाण्याची तबकडी काढली. गाणं कसलं, नुसता आरडाओरडा! ‘मान कापा, दाढी सोडा!’ एवढीच काय ती ओळ. पण पाद्रीबुवासुद्धा ती गुणगुणायला लागले आणि हाइनर हवेत तरंगायला लागला.

त्याला खाली आणलं इल्काने. ती गावच्या हौशी अग्निशमन दलाची प्रमुख. हाइनर दलात शिडी सांभाळायचा.

"धुरात घालायचा मुखवटा चढवून आगीत शिरणारे दोघे गाव सोडून गेले," ती म्हणाली. "आता तूच. पण दाढीवर मुखवटा बसत नाही, कडेने धूर शिरतो. भादर."

"अगं, गावच्या उत्सवात गायचंय मला! लोक तोंडावर थुंकतील!"

"आणि कुणी आत अडकलं तर? त्याला गाणं ऐकवशील?"

हाइनर घरी येऊन डोकं धरून बसला. बायको झिल्केने कात्रीच काढली. "रडतोस काय? काढू, आणि उत्सवापुरती तीच परत चिकटवू."

"घामाने सुटली तर?"

"तसाही तू बेसूर गातोस. तोंडाकडे बघतंय कोण?"

उत्सवाच्या दुपारी तंबू खचाखच भरला. ओळ दुसऱ्यांदा ओरडतानाच चिकटवलेली दाढी डावीकडून लोंबायला लागली. हाइनर एका हाताने माइक, दुसऱ्याने दाढी धरून किंचाळतोय. लोक म्हणाले, वा, काय आवेश! तेवढ्यात कमरेचा पेजर बोंबलला. थेक्लाआजीच्या घरातून धूर येत होता.

इल्का खुर्ची ढकलून धावली. हाइनरने एकदा गर्दीकडे बघितलं, दाढी खसकन उपटली, ढोलवाल्याच्या हातात कोंबली आणि तिच्यामागे पळाला. तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या!

नव्वदीच्या थेक्लाआजीला त्याने धुरातून उचलून बाहेर आणलं आणि मुखवटा काढला.

"कोण रे तू?" आजी खोकत म्हणाली.

"मी हाइनर, आजी. दाढीच्या गाण्यातला."

आजीने काजळीचा हात त्याच्या गालावरून फिरवला. "गोड दिसतोस की! गाणं मात्र भिकार आहे हो तुझं."

हाइनरला रडूच फुटलं, आणि ते लपवायला आता दाढी नव्हती.