लेकीचा नारळ

शेजारचा ट्रेलर पार्क, म्हणजे पत्र्याच्या फिरत्या घरांची वस्ती, पाडून तिथे टाउनहोम्स होणार हे नक्की झालं, तेव्हा आमच्या मॉरिसव्हिलच्या सबडिव्हिजनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. "फायनली! ते जिप्सी जाणार," एकाने लिहिलं.

त्या 'जिप्सीं'तली एक माझी मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याने आमच्या ड्राइव्हवेवर डांबर टाकलं, तेव्हापासूनची. मी चालायला निघाले की ट्रेलरच्या पायरीवर बसवून पीचच्या फोडी घातलेला चहा पाजायची. कुणी विचारलं, तर आपण ग्रीक असल्याचं सांगायची. रोमा, म्हणजेच जिप्सी, म्हटलं की दारं बंद होतात, हे बाळकडू तिला मिळालेलं होतं.

तिचा जुना ट्रेलर हलवला असता तर मोडला असता. भाड्याचं घर कुणी देईना; पार्कचा पत्ता ऐकूनच लोक फोन ठेवत. तीन पोरं, आणि महिनाअखेर जागा सोडायची. आमच्याकडे राहा म्हटलं, तर म्हणाली, "तुमच्याकडेही बोटं दाखवतील." शेवटी मी आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंना साकडं घातलं. जवळच्या कॅरी गावात त्यांचं भाड्याने द्यायचं घर रिकामं होतं.

घर दाखवून काकूंनी आम्हाला चहाला आपल्याकडे नेलं. पहिल्यांदा आलेल्या सवाष्णीला त्या रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. निघताना कुंकू लावून, तांदूळ, ब्लाउजपीस, नारळ घालून त्यांनी तिची ओटी भरली.

"हे काय?" तिने विचारलं.

काकू कौतुकाने इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्यात लेकीला असं देऊन पाठवतात."

तिचे डोळे भरून आले. नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती म्हणाली, "मग तुमच्याशी खोटं नाही बोलणार. आम्ही ग्रीक नाही. रोमा आहोत."

काकू हसत राहिल्या. गाडीपर्यंत पोचवायलाही आल्या.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन. "सॉरी हं, ते घर आमच्या भाच्याला लागतंय. आणि नेबर्स कम्प्लेन करतील गं. तू तिला नीट एक्स्प्लेन कर."

"काकू, तुम्ही तिची ओटी भरलीत!"

"अगं, ती मी सगळ्यांचीच भरते."

माझं डोकं फिरलं. भाचा कसला डोंबलाचा! घराची जाहिरात अजून तशीच होती. मी आणखी किती जणांच्या विनवण्या केल्या; सगळे गोड बोलले, घर कुणी दिलं नाही.

शेवटच्या दिवशी ती, नवरा आणि पोरं व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसली होती. कुठे जाणार, हे तिलाही माहीत नव्हतं. मी नुसती रडत उभी राहिले. तिने खिडकीतून ब्लाउजपीसमध्ये बांधलेला नारळ माझ्या हातात दिला, तांदळासकट.

"त्या बाईंना परत द्या," ती म्हणाली. "लेकीचा आहे."

ओटी परत करायची रीत आमच्यात नाही. नारळ माझ्या किचनमध्ये पडून आहे. मी रोज तिला फोन लावते, तो लागत नाही.