भोक नसलेला बिल्ला

आमच्या डिव्हिजनचा खांद्यावरचा कापडी बिल्ला लाल होता, त्यावर पांढरा बाण. मी हवालदार. नव्या जवानांना सांगायचो, लाल म्हणजे आपल्या आधी पडलेल्यांचं रक्त, आणि बाण मागे वळत नाही. जुन्या फौजेत अनेकांना वाचता येत नसे, म्हणून अक्षरांऐवजी चित्रं आली, हेही सांगायचो.

हल्ल्याला निघताना मात्र बिल्ले उतरवायचे. कोणी पकडला गेला तर डिव्हिजन कळू नये. आमच्यात ते सगळे माझ्या खिशात ठेवायची रीत होती. परतल्यावर ज्याचा त्याला. त्या पहाटे नऊ घेतले. पाचूबंदरचा कोळी जवान हसत म्हणाला, "साब, माझा हरवू नका. बायको नाय, हाच हाय."

उजाडता उजाडता बर्फातल्या बंकरवर ग्रेनेड टाकून आम्ही आत घुसलो. एकाच्या छातीत मी संगीन खुपसली. ती बरगडीत अडकली. अंगावर बूट रोवून उपसावी लागली. दुसऱ्याचं डोकं शेजारच्यानं रायफलीच्या दस्त्यानं फोडलं. मी बाहेर आलो. मागून धुरातून कोणीतरी आलं. अंगात शत्रूचा कोट, खांद्यावर शत्रूचा बिल्ला. मी तीन गोळ्या झाडल्या. खांदा फुटला, मान फाटली.

पडल्यावर तोंड दिसलं. आमचाच पाचूबंदरचा कोळी जवान. थंडीनं काकडून त्यानं मेलेल्याचा कोट चढवला होता. "साब, मीच," एवढंच म्हणाला. मग रक्ताच्या गुळण्या.

कोट मी दरीत फेकला. अहवालात लिहिलं, शत्रूच्या गोळीनं. आठ बिल्ले परत दिले. नववा त्याच्या बहिणीला नेऊन दिला. म्हणालो, "खांद्याला गोळी लागली तेव्हा हा अंगावर होता." तिनं तो फ्रेम करून क्रूसाखाली लावला.

मी आता बोळिंजला राहतो. गेल्या रविवारी खरं सांगायचं ठरवूनच तिच्याकडे गेलो. ती तांब्या घेऊन आली. "या दादा, पानी घ्या." माझी नजर फ्रेमवर गेलेली पाहून म्हणाली, "एक विचारू? खांद्याला गोली लागली ना? मंग याला भोक नाय, डाग नाय. कसा?"

मी सगळं सांगितलं. कोटाचंही.

तिनं भरलेला तांब्या माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मग फ्रेम काढून माझ्या मांडीवर टाकली.

"त्याच्या खांद्यावरचा नाय हा. तुमच्या खिशातला हाय. घेऊन जा."

बिल्ला माझ्याकडे आहे. अहवालातलं वाक्य खोटं आहे. तिन्ही गोळ्या माझ्या होत्या.