भाईंनी उचललेली खोड

आचऱ्याच्या शर्मिष्ठाबाईंकडे पेटी शिकायला गेलेल्या पोराला पहिल्या दिवशी सूर मिळत नाही, नुसता भाता मिळतो. डाव्या हाताने तो हलवत बसायचं, आवाज काढायचा नाही. "ती श्वास घेता रे," बाई सांगतात. "आधी तिका जगूंक दी." पोरं खुसखुसतात, बाई हसत नाहीत.

बाईंचे गुरू हरिश्चंद्र भाई मात्र हसायचे, आणि सगळ्या पडवीला हसवायचे. भाईंचं शिकवणं म्हणजे नक्कल. शिकणाऱ्या पोरांतला बाळा आपलं जाडं बोट एका वेळी दोन पट्ट्यांवर ठेवायचा. भाईंनी पेटी स्वतःकडे ओढली, गाल फुगवले, डोळे मिचकावले आणि हुबेहूब बाळा वाजवला. पोरं लोळली. दुसऱ्या दिवशी बाळाचं बोट एकाच पट्टीवर. गंमत म्हणून त्याने मुद्दाम चूक करून पाहिली, तर ती होईना. भाईंनी खोड उचलली, असं मग गाव म्हणू लागला. एकेकाची खोड अशी जात गेली. कौस्तुभ ताल सोडून पुढे धावायचा, तोही एका नकलेत जागेवर आला. त्याची आजी काशीबाई आधी सगळ्यांबरोबर हसली होती, पण नंतर तिने नातवाला घरीच बसवलं. "आज बोटातली खोड न्हेली," ती म्हणाली, "उद्या काय न्हेतीत?"

उरली होती फक्त शर्मिष्ठाची खोड. भैरवीत कोमल गंधारावर उतरताना तिचा भाता थबकायचा. उंबऱ्यापाशी पाहुणा थांबावा, आत येऊ की नको करावं, तसा तो सूर जरा उशिरा यायचा. सगळ्यांना ऐकू जायचं. भाई मात्र माडांकडे बघत "हं" म्हणायचे आणि पुढच्याला बसवायचे.

ती कोल्हापुरात परीक्षा देऊन आली. गोव्यातल्या देवळांत गवयांना साथ केली, मालवणात शाळेत संगीत शिकवलं, घरच्या पडवीत स्वतःचा वर्ग काढला. लोक तिला बाई म्हणू लागले. तरी गावी असली की ती भाईंसमोर बसून भैरवी वाजवायची, मान वर करून त्यांचे गाल बघायची. गाल काही फुगायचे नाहीत. शेवटी तिने विचारलंच.

"भाई, माझी नक्कल तुमी करनास नाय ती कित्या?"

"करतलंय गो. घाई कित्या?"

त्या पावसाळ्यात भाई गेले. सुनेने, यशोदाने, त्यांची पेटी शर्मिष्ठाबाईंकडे आणून दिली. गावाला वाटलं, केवढा मान. बाईंना वाटलं, ज्यांची नक्कल केली ते शिष्य, मी नुसती पेटी सांभाळणारी. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण भैरवी वाजवून झाली की अजूनही मान वर करून समोर बघायच्या. समोर भिंत असायची.

मग गावपळण आली. देवाने कौल दिला की सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, श्वास घेणारं काही म्हणून मागे ठेवायचं नाही. परतायचं तेही देव म्हणेल तेव्हाच. टेम्पोत शेळ्या इतक्या दाटल्या की बाईंनी पेटी खोक्यात घातली, कडी लावली, वर शाल पांघरली. शिष्या अवनीने विचारलं, "बाई, पेटी ऱ्हवता मगे?" बाई म्हणाल्या, लाकडाला काय होतंय. बोलून झाल्यावर 'ती श्वास घेता' हे आपलंच बोलणं आठवून त्यांचा हात कडीकडे गेला. पण टेम्पो हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीबाहेरच्या राहुट्यांमध्ये माशांचं कालवण रटरटत होतं. वारा गावाकडून फिरला आणि पेटी ऐकू आली. डाव हातात तसेच राहिले. कुत्री उठून गावाकडे तोंड करून उभी राहिली, एकही भुंकलं नाही. आता पिकल्या केसांचा झालेला बाळा हळूच म्हणाला, "भाईच ते."

भैरवी होती. सूर एकेक पायरी खाली येत होते. कोमल गंधारापाशी भाता थबकला. पाहुणा उंबऱ्यावर थांबला, मग आत आला.

जुन्या सवयीने बाळाला हसू फुटलं आणि तिथेच विरलं. भाई वाजवत नव्हते. भाई शर्मिष्ठा वाजवत होते. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता. अवनीने त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि बोटं एकेक करून सैल पडत होती.

गाव परतला तेव्हा खोकं जागेवर, शाल जागेवर, कडी लावलेली. बाईंनी पेटी काढून भैरवी धरली. गंधार वेळेवर आला. पुन्हा वाजवली, पुन्हा वेळेवर. मुद्दाम भाता थांबवू गेल्या, हात थांबेना. वाटेवरून जाणारं कुणी म्हणालं, बाईंचो हात आज काय साफ लागलोहा. बाईंनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि पेटी मिटली. जन्मभर मागितलेलं मिळालं होतं. हातात मात्र काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अवनी भैरवी वाजवायला बसली. उतरताना तिचा भाता थबकला. बाईंकडूनच शिकलेली ती, थबकणारच. बाईंनी झटक्यात पेटी स्वतःकडे ओढली. त्यांचे गाल फुगले, डोळे मिचकले, बोटं पट्ट्यांवर आली. अगदी भाई. अवनीने भिऊन हात मागे घेतला.

बाई तशाच थिजल्या. मग गालातली हवा हळूहळू सोडली, पेटी पुन्हा पोरीपुढे सरकवली.

"तुझा तुझ्याकडेच ऱ्हांव दी," म्हणाल्या. "वाजव. मी ऐकतंय."

अवनी वाजवू लागली. पुढच्या गावपळणीला शेळ्यांच्या आधी पेटी टेम्पोत चढवायची, हे तिने बाईंना न विचारताच ठरवून टाकलं होतं.