त्याच जागेवरून दुरुस्ती

"दोन्ही किडन्या निकामी आहेत," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे वळवला. क्रिएटिनिन ९.२. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते, आणि निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास राहतो. "औषधाने किडनी परत येणार नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल."

माझी पत्नी रेखा हिला मधुमेह आहे, म्हणून प्रत्यारोपणासाठी तिची किडनी चालणार नव्हती. किडनी देणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी तेव्हा रायपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. इतरांच्या बातम्यांतले आकडे तपासणं हे माझं काम होतं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची चूक आकड्याचीच आहे.

आमचं घर शहरातल्या तात्यापारा भागात. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याकडून इथे आले आणि इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत शेवटपर्यंत राहिले. मी अठरा वर्षं चर्चमध्ये गेलो नव्हतो. रविवारची ड्यूटी असते, असं सांगायचो. सुट्टीच्या रविवारीही जात नव्हतो.

निदानानंतरच्या पहिल्याच रविवारी गेलो. गुडघे टेकले आणि देवाशी करार केला: मला बरं कर, मी सगळ्यांसमोर साक्ष देईन. देवाकडे परत येणं म्हणजे हेच, असं तेव्हा वाटलं.

डायलिसिस सकाळी सातला सुरू व्हायचं. दोन सुया हातात, चार तास मशीनवर. पाणी दिवसाला अर्धा लिटर, चहासकट. शेजारच्या चार नंबरच्या खाटेवर सरोजताई असत. आमच्याच मंडळीतल्या, निवृत्त शिक्षिका. माझा धाकटा भाऊ, जो आता हयात नाही, लहानपणी त्यांच्याकडे रविवारच्या शाळेत जायचा.

"भाऊ, तुमच्या पेपरात माझा फोटो कधी येते?" त्या विचारत. "का मेल्यावरच छापता?"

तिसऱ्या महिन्यात डायलिसिस आटोपून घरी जाताना वाटेतल्या लॅबमध्ये रक्त दिलं. वाट वाकडी करावी लागत नव्हती, एवढंच कारण. रिपोर्ट आला: ३.४.

"आधी डॉक्टरले विचारून घ्या न," रेखा म्हणाली. मी विचारलं नाही.

आमच्या उपासनेत गीतांनंतर कोणीही पुढे येऊन साक्ष देऊ शकतो. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सांगायचं. त्या रविवारी मी वेदीसमोर उभा राहिलो आणि दोन्ही आकडे वाचले. आधी ९.२, आता ३.४. हे प्रभूने केलं, म्हणालो. लोक हालेलुया म्हणाले. दुसऱ्या रांगेत सरोजताई पदराने डोळे पुसत होत्या.

सोमवारी डायलिसिसला गेलो नाही. बुधवारी, शुक्रवारीही नाही. रुग्णालयाचे फोन उचलले नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी जेवताना श्वास अडकला. आडवं होता येईना. पल्मनरी एडेमा, म्हणजे फुप्फुसांत पाणी. मला थेट आयसीयूत नेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ३.४ चा रिपोर्ट पाहिला. "रक्त कधी दिलं होतं?"

"डायलिसिसनंतर."

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाले, "मशीन कचरा काढते, म्हणून आकडा उतरतो. दोन दिवसांत पुन्हा चढतो. तपासणीचं रक्त मशीनच्या आधी द्यायचं असतं."

शुक्रवारी माझ्या खाटेवर परतलो. चार नंबर रिकामा होता.

"दीदी तो उसी सोमवार से नहीं आईं," टेक्निशियन म्हणाला. "बोलीं, भैया जैसे ठीक हुए, मैं भी वैसे ही होऊँगी."

संध्याकाळी तेलीबांध्याला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. त्यांचा चेहरा सुजला होता. पावलं चपलेत मावत नव्हती. मी सगळं सांगितलं. रक्त कधी दिलं, आकडा का उतरला, आयसीयू.

त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचा विश्वास कमी पडला भाऊ, म्हणून तुमी पडले. माझा नाही पडणार."

माझीच साक्ष माझ्यापुढे ठेवली गेली होती.

शनिवारी चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो आणि सर्वांसमोर दुरुस्ती करायची आहे म्हणालो. "इतक्यात नको," ते म्हणाले. "लोकांचा विश्वास हलेल. ज्यांना सांगायचं त्यांना घरी जाऊन सांगा." मी मानलं. मलाही ते सोयीचं होतं. तो रविवार मी मागच्या बाकावर बसून काढला.

पुढचा आठवडा मशीनवर पडून रिकाम्या खाटेकडे पाहत होतो. प्रार्थनेत मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. काय करायचं ते मात्र स्पष्ट होतं. आमच्या धंद्यात चूक पहिल्या पानावर झाली, तर दुरुस्ती आतल्या पानात दडवायची नसते.

रविवारी त्याच वेदीसमोर, त्याच जागी उभा राहिलो. मी बरा झालेलो नाही आणि होणारही नाही, म्हणालो. आकडा खरा होता, मी त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. देवाने उपचार सोडायला सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं आणि त्याच्या नावावर खपवलं. कोणी हालेलुया म्हणालं नाही. दुसऱ्या रांगेत सरोजताई मुलाच्या मोठ्या चपला घालून बसल्या होत्या. त्या माझ्याशी न बोलता गेल्या.

बुधवारी त्या चार नंबरवर आल्या. त्यांना अजून थोडी लघवी होत होती, म्हणून इतके दिवस तग धरला, असं डॉक्टर म्हणाले. पण साठलेल्या पाण्याने हृदय कमजोर झालं होतं आणि ते भरून येणार नव्हतं.

मशीन सुरू झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "खोटं बोलले त्याचं काही नाही भाऊ. तुमाले तरी कुठं ठाऊक होतं. पण समजल्यावर एक रविवार काहून घालवला?"

त्यानंतर त्या नऊ आठवडे जगल्या.

मी आता रक्त मशीनच्या आधी देतो. पाणी मोजून पितो. रविवारी चर्चला जातो आणि देवासमोर अट ठेवत नाही. बरं वाटतं असं म्हणणार नाही. जे करायला सांगितलं आहे, ते करतो.

चार नंबरवर हल्ली एक नवे गृहस्थ आहेत. पहिल्या दिवशी सुया टोचल्यावर त्यांनी मला विचारलं, "यानं बरं होते का हो?"

"नाही," मी म्हणालो. "पण येत जा."