मामाच्या रकान्यात अडकलेला धुळा

मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मून सांगलीत विश्रामबागेला एसीत बसणारा आमच्या जतकडच्या माळावरचा पहिला माणूस म्हणजे रंगुबाईचा धुळा. विचारलं तेवढंच बोलतो. अशा माणसाबद्दल बोलायला आम्हाला फार सोपं जातं. तो स्वतः काही सांगत नाही, मग गावालाच सांगावं लागतं.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. बिराप्पामामाची प्रांजल धुळाला द्यायची, हे ती रांगत होती तेव्हाच ठरलं होतं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात विचारायचं काय? पण प्रांजल मिरजेला नर्सिंग शिकली आणि बापासमोर उभी राहून म्हणाली, "रक्तातलं लग्न मी करणार न्हाई. धुळाबद्दल माझं काय म्हननं न्हाई, पन हे न्हाई." बिराप्पानं आरडाओरडा केला, फेटा आपटला आणि शेवटी खंडाळ्याच्या कृष्णातशी तिचं ठरवलं. बहिणीला सांगायला तोंड नव्हतं, तरी आला. रंगुबाईनं भांडी आदळली, भावाच्या सात पिढ्या काढल्या. धुळा जेवत होता. तो म्हणाला, "बरं."

"आरं मेल्या, बरं काय? रड तरी!" रंगुबाई ओरडली.

"जेवतोय न्हवं," धुळा म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

आता त्याचं काम. समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी तो एक वेबसाइट बनवत होता. मेळावा भरवणारे अध्यक्ष कोण, तर बिराप्पामामाच. त्यांचाच हट्ट होता, की स्थळ बघताना मामाकूळ, मुलं, जावई सगळं एका पानावर दिसलं पाहिजे. धुळानं तपासणीसाठी आपल्याच घरातली माणसं भरून ठेवली होती. ही गोष्ट जुनी, सगळं ठरलेलं होतं तेव्हाची. म्हणून प्रांजलच्या नोंदीत नवऱ्याच्या जागी धुळा.

आणि धुळाचं पान उघडलं की साइट बंद पडायची.

या कॉम्प्युटरवाल्या लोकांचं एक जेसन असतं. जेसन म्हणजे कुणी गोरा साहेब नव्हे. सर्व्हरमधल्या माणसाची सगळी माहिती एका लांबलचक ओळीत लिहून मोबाइलकडे धाडायची, त्या लिहिण्याच्या रीतीला जेसन म्हणतात. तर मशीन धुळाला लिहायला बसलं. त्याचा मामा आला, मामाला अख्खा लिहिला. मामाची लेक आली, तिलाही अख्खी लिहिली. लेकीचा नवरा आला, तर तो पुन्हा धुळाच! म्हणून पुन्हा मामा, पुन्हा लेक. मशीनला आपलं गणगोत काय माहीत? फेरा संपेना, तेव्हा त्यानं लाल अक्षरात चूक दाखवून अंग टाकलं.

आणि मंडळी, त्या लाल अक्षरांत सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. धुळा, मामा, लेक, नवरा आणि पुन्हा धुळा. शाळेतल्या पोरानं वाचलं असतं. धुळा मात्र भलतीकडेच शोधत राहिला. सर्व्हरची मेमरी वाढवली, साइट ज्या सांगाड्यावर उभी त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती घातली, नको तिथल्या तारखा तपासल्या. लाल ओळ आली की खिडकी बंद करायचा आणि दुसरीकडे खणायचा. त्याला वाईट वाटत होतं, असं म्हणावं तर तसंही नाही. त्या ओळीवर डोळा ठरत नव्हता, एवढंच.

शेवटी त्याचा मालक यशराज शेजारी येऊन बसला.

"धुळोबा, हितं तर लिव्हलंय की! ही प्रांजल कोन? तुझी बायको हाय?"

"न्हाई."

"मग नोंदच चुकीची. उडवू?"

"उडवा."

यशराजनं धुळाची अख्खी नोंदच उडवली. साइट पळायला लागली. "बघ गड्या, झालं की," म्हणत तो चहा सांगायला गेला. धुळा रिकाम्या पानाकडे बघत बसला. चहा आला, त्यानं प्यायला.

तोवर समाजातल्या घरोघरच्या नोंदी भरून झाल्या. रविवारी सांगलीत मंगल कार्यालय खच्चून भरलं. बिराप्पा फेटा बांधून माइकवर उभा. "पयल्यांदा माजंच पान उघडा," म्हणाला. मोठ्या पडद्यावर त्याचं नाव आलं, चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. मग लाल अक्षरं आली.

"अध्यक्षाचं नाव बघूनच दमलं मशीन!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

हसणार नाहीत तर काय? बिराप्पानंसुद्धा मामाचीच मुलगी केलेली. मामा, मामाची लेक, तिचा नवरा बिराप्पा. त्या मांडवातल्या निम्म्या घरांत हाच फेरा. यशराजचा चेहरा पांढरा पडला. धुळा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला. कुठे हात घालायचा, ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. नवऱ्याच्या जागी अख्खा माणूस लिहायचा नाही, नुसतं नाव आणि नोंदीचा नंबर लिहायचा. नावावर बोट ठेवलं तरच पुढचं पान उघडायचं. लोकांचा शिरा खाऊन होईपर्यंत साइट नीट चालू झाली. कोणाचीही नोंद उडवावी लागली नाही.

बिराप्पानं पाठीवर थाप मारली आणि तशाच भरात म्हणाला, "आता आमच्या पोरीचं भर, जावयाचं नाव टाक." म्हणाला खरा, मग फेटा सारखा करू लागला.

प्रांजल पुढे आली. मागे कृष्णात उभा. आमच्यात मामाची मुलगी आतेभावाला दादा म्हणत नाही, का ते तुम्हाला कळलंच असेल. त्या दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "धुळादादा, एवढं भरता का?"

भोवतीच्या बायांनी माना वळवल्या. धुळानं विचारलं, "कृष्णातचं पूर्ण नाव?" तिनं सांगितलं. "गाव?" "खंडाळा." "मामाकूळ?" तेही सांगितलं. त्यानं भरलं, पान उघडून दाखवलं, "बरोबर हाय का बघा," म्हणाला. ती "व्हय" म्हणाली. मग कृष्णातला घेऊन गेली.

पाठोपाठ रांगेतला एक मुलीचा बाप वाकून म्हणाला, "आवं, तुमी बिराप्पाचं भाचं न्हवं? तुमचं नाव का न्हाई ह्यात?"

"उडवलंय."

"मग भरा की! लगीन करायचं न्हाई का?"

धुळानं बसल्या जागी स्वतःचं पान भरलं. जन्म, शिक्षण, नोकरी, मामाच्या जागी बिराप्पा. खाली अपेक्षा असा रकाना होता. तिथे लोक गोरी, उंच, नोकरीवाली असं काय काय लिहितात. त्यानं लिहिलं, 'काही नाही'.

मुलींच्या बापांना असा जावई फार आवडतो. मेळावा उठायच्या आत रंगुबाईचा फोन वाजायला लागला. ती एका हातानं फोन दाबून लेकाला विचारत होती, "कवठ्याचं स्थळ हाय, बागायतदार. काय सांगू रं?"

"बरं म्हन," धुळा म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला.