भोंगा आणि लांब बाही

सगळ्या गावासमोर माझी जी फजिती झाली, ती मीच शास्त्रशुद्ध पद्धतीनं आखली होती. आता कुणाला दोष देणार? घ्या चहा, सांगतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. गावावरच्या माळावर पवनचक्क्या येणार होत्या. त्या घरांपासून किती लांब हव्यात, याचा ठराव ग्रामसभेनं द्यायचा होता. कंपनीचे साहेब म्हणाले, "पात्यांचा आवाज सोडा, वर लाऊडस्पीकर लावला तरी खाली ऐकू येणार नाही."

माळाच्या पायथ्याला पहिलंच घर शेवंताबाईंचं. त्या उभ्या राहिल्या. "सायेब, माजा नातू बारा दिसांचा हाय. त्यो झोपंल का न्हाई, तेवढं सांगा."

साहेब कागद चाळू लागले. मी मास्तर माणूस, गप्प कसा बसणार? म्हटलं, प्रयोगच करू. शाळेचा भोंगा आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन मी माळावर जातो नि बोलतो. तुम्ही शेवंताबाईंच्या अंगणात बसा. ऐकू आलं की लाल फडकं हलवा.

फडकं दिलं माझ्या बायकोच्या हाती. इथंच चुकलं. सुमननं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता. दोन महिने खपून तिनं मला स्वेटर विणला, आणि मी बघताक्षणी म्हणालो होतो, "बाही लांब झाली."

वर जाऊन हॅलो हॅलो केलं. फडकं हललं नाही. एकोणतीसचा पाढा म्हटला. फडकं जागच्या जागी. म्हणजे साहेबांचंच खरं. आता कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस जरा मोकळा होतो की नाही?

"सरपंच आप्पा," मी म्हणालो, "तुमच्या घरचा चहा मी रोज कण्हेरीला घालतो."

तरी सामसूम. मग माझा आवाज आपोआप हळवा झाला. "सुमन, बाही लांब नाही गं. माझेच हात आखूड आहेत. तू बोलत नाहीस तर घर खायला उठतं."

खाली आलो तर अंगणात सगळे माझ्याकडे बघत बसलेले. आप्पा शांतपणे म्हणाले, "गुर्जी, तरीच आमची कन्हेर वाळली."

सुमन फडक्याला पीळ देत होती. मी विचारलं, "अगं, हलवलं का नाहीस?"

"हलवलं असतं तर तुम्ही थांबला असता."

आठ दिवसांतलं पहिलं वाक्य. खोटं कशाला सांगू, लाज वाटलीच, पण आनंद त्याहून जास्त झाला.

शेवंताबाई नातवाला थोपटत म्हणाल्या, "लेकरू दोनदा दचकून उठलं. एकदा पाढ्याला, एकदा सुमनच्या नावाला."

ठराव एकमतानं झाला. पवनचक्क्या पलीकडच्या टेकडीमागं न्यायच्या. ऐकू आल्याचा पुरावा म्हणून माझं एक वाक्य घालायचं. गावात बरं अक्षर माझंच, त्यामुळे लिहिलंही मीच.

पुढच्या बैठकीत साहेबांनी ठराव मोठ्यानं वाचला. "गुरुजींचे हात आखूड आहेत, हे पायथ्याशी स्पष्ट ऐकू आले." अंतर त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी स्वेटर घालून बसलो होतो. बाही बोटांच्या पुढं चांगली चार अंगुळं लोंबत होती.