ताईच्या जाड आवाजातली मंगलाष्टकं

कुणाच्या अंगात आलं, कुणाला बांधावर बाई दिसली... असला विषय निघाला की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. करणी, भूत, संकेत, काही म्हणजे काही मानत नाही. त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात लिहायला बसावं लागतंय याचाच मला पहिला राग येतोय. पण आधी दोन ठिकाणी सांगून बघितलं, दोन्हीकडं लोकांनी मलाच शहाणपण शिकवलं. म्हणून इथं सगळं सविस्तर लिहितो. आधी पूर्ण वाचा, मग बोला.

मी जालन्यात राहतो, विम्याच्या ऑफिसात नोकरी. नाद एकच — कॉम्प्युटरकडून गाणं म्हणवून घेणं. शब्द आणि चाल दिली की सॉफ्टवेअर गातं. एखाद्याच्या आवाजाचा नमुना दिला तर त्याच्या गळ्यानं गातं. त्यात 'जेंडर' नावाचा एक स्लायडर असतो. डावीकडं सरकवला की गाणारा पुरुष वाटतो, उजवीकडं सरकवला की बाई. पट्टी तीच, सूर तोच... फक्त गळा बदलतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. बारशाची, वाढदिवसाची गाणी मी हौसेनं अशीच करून देतो.

माझी मोठी बहीण शोभाताई केदारखेड्याला दिलेली. घरची शेती, माणसं चांगली. ताईचा आवाज मात्र पहिल्यापासून जाड. फोन उचलला की समोरचा "हां दादा, बोला" म्हणणार. शाळेत प्रार्थनेला बाईंनी तिला मागच्या रांगेत टाकलं होतं. घरात आम्हीही काही कमी नव्हतो, मी तर तिला 'हवालदार' म्हणायचो. पण गाणं तिच्या रक्तात होतं. नात्यात कुणाचंही लग्न असो, दोन्ही घरची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायची ती ताईनं. म्हणायला मात्र माईक कुणातरी बारीक गळ्याच्या पोरीच्या हातात जायचा.

चार वर्षांपूर्वी चुलतभावाचं लग्न निघालं तेव्हा ताई जालन्याला आली. म्हणाली, "संजू, औंदा मीच म्हणून राह्यले. माईकवर मला कोणी बोलवत न्हाई. तू रेकॉर्ड कर अन् लाव." पंखा बंद करून, दारं लावून तिनं म्हटलं. मी ऐकलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर हसणारा मांडव उभा राहिला. तिला न विचारता मी स्लायडर उजवीकडं सरकवला. मधले तिचे श्वासही कापून टाकले, साफ वाटावं म्हणून. लग्नात लोक विचारत होते, कोण हो गायली ही पोरगी? ताई अक्षता हातात घेऊन उभी होती. मला एवढंच म्हणाली, "चांगलं केलं रे. लय साफ आलं."

आणि मी मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकलं. काम झालं की कच्चा माल उडवायचा, ही माझी शिस्त. आग लागो त्या शिस्तीला.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती मोबाईलवर टाइप करते आणि आपल्यासमोर धरते. यंदा तिच्या पोरीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. ताईनं नवीन मंगलाष्टकं लिहिली आणि वही माझ्यापुढं ठेवून टाइप केलं, "माझ्या आवाजात लाव. तुझ्याकडं हाये ना?"

काय सांगणार? माझ्याकडं फक्त ती बारीक केलेली फाईल होती. तिचा खरा आवाज म्हणावा तर एका जुन्या व्हिडिओत मागून आलेलं "आगं पल्लू, भाकर करपली" एवढंच. मी खरं काय ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं लिहिलं, "बघ जमतं का."

पंधरा दिवस ऑफिसातून आलो की मी त्या स्लायडरला भिडलेलो. बारीक आवाजाचा नमुना देऊन डावीकडं सरकवत जायचो. एका टप्प्यापर्यंत बातम्या देणारी मुलगी, आणि पुढं एक घर सरकवलं की थेट मिशीवाला बाप्या! मधे काही म्हणजे काही नाही. ताई त्या मधल्या जागेची होती, आणि त्या मशीनला ती जागाच माहीत नव्हती. कीबोर्ड आपटला, बायकोवर ओरडलो, सॉफ्टवेअर दोनदा काढून टाकून परत घातलं. ताई केदारखेड्याहून येऊन कानाला हेडफोन लावून बसायची आणि दरवेळी मान हलवायची. शेवटी तिनंच लिहिलं, "राहू दे. बारक्या आवाजातच लाव."

राजूरच्या एका मंगल कार्यालयात भर दुपारी लग्न होतं. बारीक आवाजातली फाईल पेनड्राईव्हवर घालून मी साउंडवाल्याच्या हातात दिली. लॅपटॉप जालन्याला, घरी. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा पहिला प्रश्न तोच येतो.

आमच्याकडं मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. आणि नवरीच्या आईनं लेकीचं लग्न लागताना बघायचं नसतं, तिनं आत तुळशीला पाणी घालत बसायचं. म्हणजे मी पल्लवीच्या मागं हात जोडून उभा, आणि ताई आतल्या खोलीत, तुळशीच्या कुंडीपुढं. मांडवातला एक छोटा स्पीकर त्या खोलीच्या खिडकीतही बांधला होता, वायर तीच.

गुरुजींची झाली. मग फाईल लागली. पहिलं कडवं बारीक आवाजात गेलं, लोकांच्या गप्पा चालू होत्या. दुसरं कडवं सुरू झालं.

ताई गात होती.

तिच्यासारखा आवाज नाही... ताईच. जाड, थोडा घोगरा, ओळ संपायच्या जरा आधी श्वास घेणारा. तो श्वास त्या फाईलमध्ये असूच शकत नव्हता. आणि हे शब्द तर तिनं आवाज गेल्यावर लिहिलेले! तिच्या गळ्यातून ते कधी निघालेच नव्हते. गप्पा थांबल्या. समोर दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पल्लवीनं मान वळवली. "मामा... आई गाऊन राह्यली का?" मला जागा सोडून साउंडवाल्याकडं पळता येईना.

शेवटच्या अक्षता पडल्या तसा मी आत पळालो. ताई तांब्या हातात घेऊन बसली होती.

"ताई, ऐकलं ना तू?"

तिनं मान डोलावली आणि टाइप केलं, "चांगलं लागलं. बारीकच बरा व्हता."

"बारीक काय? तुझा आवाज आल्ता ताई! तुझा सोताचा!"

तिनं तांब्या खाली ठेवला. मग लिहिलं, "आता तरी खोटं बोलू नको संजू."

तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीकच आवाज ऐकला होता. त्याच वायरीवरच्या स्पीकरमधून.

साउंडवाल्याची मानगूटच धरणार होतो. तो म्हणाला, "साहेब, म्या हात बी न्हाई लावला. मला वाटलं दुसरी फाईल लागली." पेनड्राईव्ह तपासला, एकच फाईल, बारीक आवाजातली. शूटिंगवाल्याची चित्रफीत मागवली, पाच जणांचे मोबाईल बघितले. सगळ्यांत पल्लवी वळून विचारतेय, दाजींची टोपी हातात आहे, लोक गप्प झालेत... आणि मागं ती बातम्यांवाली मुलगी गातेय! आठवड्यानं परत राजूरला गेल्तो, त्याच स्पीकरवर तीच फाईल लावायला सांगितली. बारीक. चार वेळा लावली. चारही वेळा बारीक.

आता हुशार लोकांसाठी. स्पीकरचा बास वाढला असेल म्हणू नका. बासनं आवाज ढोल होतो, माणूस बदलत नाही. मनातली टोचणी म्हणू नका. ती मला होती, नवरदेवाच्या मावशीला कुठून आली? त्या बाईनं ताईला बोलताना जन्मात ऐकलेलं नाही. तीच मला हात धुताना म्हणाली, "कोण हो बाई गायली ती, जाड आवाजाची? बिलकुल घरातलं माणूस वाटलं." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, मीही आयुष्यभर तेच केलं.

जिला समजायला हवं तिलाच समजत नाही, याचा संताप मला गिळून टाकतो. पल्लवीनं सांगितलं, दाजींनी पोरीची शपथ घेतली. ताईचं म्हणणं, तुम्हाला संजूनं पढवलंय. माझ्यावर तिचा विश्वास का नाही ते मला ठाऊक आहे, त्यात तिची काही चूक नाही.

मागच्या महिन्यात केदारखेड्याला गेलो. ताई ओसरीवर तूर निवडत होती. मी परत तोच विषय काढला. तिनं सूप बाजूला ठेवलं, मोबाईल घेतला.

"एक खरं सांग. मांडवात कोणी हसलं का?"

"न्हाई ताई. एकबी माणूस हसला न्हाई. सगळे गप झाल्ते."

तिनं माझा चेहरा बराच वेळ बघितला. मला वाटलं, मानलं तिनं. पहिल्यांदाच मानलं. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं हळूहळू एकेक अक्षर दाबून लिहिलं,

"मंग मलाच का न्हाई ऐकू आला?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर मला सांगू नका. केदारखेड्याला जा, तिला सांगा.